परमुलखातला रविवार



परदेशी राहणाऱ्या आपल्या तरुणांच्या दिनक्रमाविषयी बोला, असे व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. ज्याने नववीत शाळा सोडली, एकोणिसाव्या वर्षी कारखान्याच्या मस्टरवर नाव घातले आणि पुढचे सारे आयुष्य संघटनेच्या कचेरीत मागणीपत्रे लिहिण्यात काढले, त्याने परदेशावर काय बोलावे? त्यावर चिटणीस म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी तुमच्या कचेरीत कोण येऊन बसते ते आम्हाला ठाऊक आहे." गोष्ट खरी आहे. अलीकडे शनिवारी आमच्या कचेरीत कामगारांपेक्षा कामगारांची मुलेच जास्त येतात. हातात जर्मनीच्या विद्यापीठाचे पत्र असते, नाही तर नोकरीचा करारनामा. "काका, एवढे वाचून द्या आणि सही कुठे करायची ते सांगा." जर्मन मला येत नाही. पण जोडीला इंग्रजी तर्जुमा असतो, टेबलावर शब्दकोश असतो, आणि करारनामा कोणत्याही भाषेतला असो, तास किती, दाम किती आणि काढून टाकण्यापूर्वी नोटीस किती दिवसांची, ही तीन कलमे शोधून काढण्याची खोड आता जुनी झाली आहे.

शिवाय माझा सख्खा भाचा 2022 सालापासून तेथे शिकतो आहे. त्याच्याकडे 2024च्या ऑक्टोबरात मी तीन आठवडे राहून आलो. तेव्हा आज बोलेन ते जर्मनीपुरतेच. अमेरिका, आखात ह्यांच्या गोष्टी निराळ्या आहेत आणि त्या सांगण्याचा अधिकार मला नाही.

हा विषय आता दोन-चार श्रीमंत घरांचा राहिलेला नाही. 2023-24च्या हिवाळी सत्रात जर्मनीत एकोणपन्नास हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचा पहिला क्रमांक होता. 2024च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग ह्या जर्मन राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठविण्यासंबंधी करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने कुशल भारतीयांना द्यावयाच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेली. विद्यार्थी म्हणून जाणाऱ्याला व्हिसा मिळण्याआधीच वर्षाच्या खर्चाची रक्कम एका बांधलेल्या खात्यात ठेवावी लागते. 2024च्या सप्टेंबरपासून ती 11,904 युरो आहे आणि तेथे गेल्यावर त्यातून महिन्याला 992 युरोच हाती पडतात. ही रक्कम आमच्या भागात कशी उभी राहते ते मी पाहिले आहे. बापाचा फंड मोडतो, आईचे दागिने जातात, उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज. हे कर्ज ध्यानात ठेवा. पुढे जे सांगणार आहे त्यात मुलाच्या तोंडाला कुलूप घालणारी गोष्ट बहुधा तीच असते.

आता पहिल्या महिन्याची हकीकत. तेथे घर बदलले की दोन आठवड्यांच्या आत नगर कचेरीत जाऊन, घरमालकाचा दाखला दाखवून, नाव नोंदवावे लागते. ह्या नोंदीवाचून कराचा नंबर येत नाही, पुष्कळ ठिकाणी बँकही दारात उभे करीत नाही. भाच्याने हे वेळेवर केले. त्याची फजिती झाली ती निराळ्याच जागी. तेथील चाळवजा इमारतींत खोल्यांना आपल्यासारखे नंबर बहुधा नसतात. खालच्या घंटीवर आणि टपालपेटीवर आडनाव असते आणि पोस्टमन ते आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव होते. ते खरवडून काढणे भाच्याला उद्धटपणाचे वाटले. तीन आठवडे तो पत्रांची वाट पाहत राहिला आणि पत्रे पाठवणाऱ्याकडे परत जात राहिली. सरकार, विमा, विद्यापीठ ह्यांचा कितीतरी कारभार तेथे अजून कागदी टपालावर चालतो. आपल्याकडे महत्त्वाचे काम असले की माणूस फोन करतो, निदान दुसऱ्याकरवी निरोप धाडतो. तेथे पत्र पेटीत पडले म्हणजे ते तुम्हाला कळले, असे धरून चालतात.

दुसरी हकीकत फोडणीची. तेल तापवून त्यात मोहरी टाकली, धूर झाला आणि छतावरच्या धूरसूचक यंत्राने सारी इमारत जिन्यात गोळा केली. शेजारच्या बाईंनी रागावण्याऐवजी खिडकी कशी उघडावयाची हे शिकविले. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटे वारा खेळू द्यावा, असा तेथे दंडकच आहे. कित्येक भाडेकरारांत तसे लिहिलेले असते. बाहेर बर्फ, आत हीटर चालू, आणि खिडक्या उघडा! भाच्याला हे वेडेपण वाटले. कारण समजल्यावर पटले. त्यांची घरे थंडीसाठी चहूकडून बंद केलेली. माणसाच्या श्वासाची, न्हाणीघराची आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर जात नाही, ती गार भिंतीवर दव होऊन बसते आणि पंधरा दिवसांत भिंतीला काळी बुरशी येते. बुरशीचा खर्च घर सोडताना भाडेकरूच्या अनामतीवर चढू शकतो.

कचऱ्याच्या पेट्या, बस-आगगाडीचे तिकीट ह्यांविषयी तुम्ही ऐकलेच असेल, तेव्हा मी ते सोडून देतो. वेळेच्या शिस्तीचे कौतुक मात्र जरा जपून करावे. माणसे वेळ पाळतात. पण 2024 साली त्यांच्या लांब पल्ल्याच्या शंभर गाड्यांतल्या सदतीस-अडतीस उशिरा धावल्या. एक गोष्ट मात्र मनात राहिली. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट आणि बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा आठ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानात दिली की पैसे परत. स्टेशनावर म्हातारी माणसे बॅटरी घेऊन कचरापेटीत ह्या बाटल्या शोधताना मी पाहिली. एवढ्या श्रीमंत देशात! म्हणून पुष्कळ लोक बाटली पेटीत न टाकता पेटीच्या शेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे शोधणाऱ्याला उष्ट्याखरकट्यात हात घालावा लागू नये. भाचाही तसेच करू लागला आहे.

आता रविवार. तेथे गेल्यावर पहिल्याच रविवारी भाच्याचा फोन आला, "मामा, हे मेलेले गाव आहे." घरात पीठ नाही, कांदा नाही, आणि बाजार कडेकोट बंद. स्टेशनातली एक-दोन दुकाने आणि दोन-चार तास उघडणारा पाववाला, एवढाच काय तो आधार. रविवारी भिंतीला ड्रिल लावावयाचे नाही, रिकाम्या काचा पेटीत टाकावयाच्या नाहीत, कारण खळखळाट होतो. गणपतीच्या ढोलात वाढलेल्या मुलाला ही शांतता खायला उठते.

मी त्याला विचारले, "हा रविवार कोणी दिला, ठाऊक आहे?" त्याला वाटले, चर्चने. चर्चचा वाटा आहेच. पण रविवार हा कामापासून विसाव्याचा दिवस म्हणून कायद्याने राखला जाईल, हे कलम 1919 सालच्या जर्मन राज्यघटनेत आले आणि 1949च्या घटनेतही तसेच ठेवले गेले. दुकानातल्या नोकरांच्या संघटना आजही ह्या कलमावर पाय रोवून उभ्या आहेत. मग मी त्याला आपल्या घरची गोष्ट सांगितली. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 साली गिरणी कामगारांना एकत्र करून पाच हजारांवर सह्यांचे मागणीपत्र तयार केले. त्यात रविवारच्या सुटीची मागणी होती. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपल्या लोकांचा रविवार खंडोबाचा. तो वार त्या दिवशी कामगाराच्या पदरात पडला. भाच्याने चौदा वर्षे शाळा-कॉलेजात घालविली होती, लोखंड्यांचे नाव त्याने ऐकले नव्हते. मीही संघटनेत आल्यावरच ऐकले, तेव्हा त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

हे त्याला सांगण्यात माझा हेतू होता. कचरा निरनिराळा करणे, दहानंतर आवाज न करणे, घंटीवर नाव लावणे ह्या गोष्टी आमची मुले महिना-दोन महिन्यांत शिकतात आणि त्यालाच परक्या देशात रुळणे म्हणतात. पण कामाच्या तासांचा हिशेब मागणे, आजारपणाचा पगार मागणे, लेखी कागद मागणे, हीसुद्धा त्या देशाची चालरीतच आहे. शेजारच्या बाईंच्या लेखी खिडकी उघडणे जितके नित्याचे, तितकेच हेही नित्याचे. आमचा मुलगा पहिल्या प्रकारच्या चालीरीती पाळून सभ्य ठरतो आणि दुसऱ्या प्रकारच्या त्याच्या कानावरही येत नाहीत. येतात तेव्हा त्याला ते भांडखोरपणाचे वाटते. माझ्या भाच्याचे तेच झाले.

त्याआधी बोलण्यातली एक बाब सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या मराठी कानाला लवकर कळते. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे त्यांच्याकडे 'दू' आणि 'झी' आहे. फरक असा की, आपल्याकडे साहेब शिपायाला अरेतुरे करतो आणि शिपाई साहेबाला अहोजाहो. तेथे अनोळखी प्रौढ माणसे, मग एक मॅनेजर असो आणि दुसरा झाडूवाला, एकमेकांना 'झी' म्हणतात, आणि 'दू'वर आली तर दोघेही येतात. आजकाल कित्येक कंपन्यांत सरसकट 'दू' झाले आहे, ते निराळे. कामगार संघटनेतले लोक मात्र पूर्वापार एकमेकांना 'दू'च म्हणतात. जर्मन येत नसताना मला ही एक गोष्ट चटकन कळली, कारण आमच्या संघटनेतही पंचवीस वर्षांचा पोरगा मला नावाने हाक मारतो.

2023च्या जूनमध्ये भाच्याने एका हॉटेलात काम धरले. ते हॉटेल कोणते, कोठले, ते सांगत नाही. मालक भारतीय. भाच्याचे काम कांदे चिरण्याचे, भांडी घासण्याचे आणि रात्री भटारखाना धुऊन काढण्याचे. मालक त्याला "बेटा" म्हणे. काम संपल्यावर गरम भात आणि डाळ मिळे. ह्या भाताची किंमत आपण येथे बसून करू शकत नाही. जर्मन माणूस संध्याकाळी पाव, चीज आणि काकडी एवढ्यावर जेवण उरकतो. आमचा मुलगाही पैसे वाचवावे म्हणून तेच करीत होता. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. अशा अंधारात कोणी आपल्या देशाच्या माणसाने गरम ताट पुढे केले, तर पगाराच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते कोण पाहतो?

मी फोनवर सहज विचारले, "चिठ्ठीवर तास किती?" "त्रेचाळीस." "आणि काम?" "महिन्याला ऐंशीच्या घरात." खुलासा असा. तेथे लहान नोकऱ्यांचा एक प्रकार आहे, त्याला 'मिनी-जॉब' म्हणतात. 2023 साली त्याची मर्यादा महिना 520 युरो होती. देशातले किमान वेतन 2015 साली प्रथम लागू झाले तेव्हा ताशी साडेआठ युरो होते. 2023 साली ते 12 युरो होते. 520ला 12ने भागा, त्रेचाळीस तास येतात. तेवढे कागदावर. उरलेले सदतीस तास गल्ल्यातून रोखीने, ताशी 6 युरोप्रमाणे. म्हणजे महिन्याला 222 युरो खाली. सहा महिन्यांचे 1,332. भाच्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. "मामा, आपलाच माणूस आहे. आणि तक्रार केली तर व्हिसा जाईल, असे तो म्हणतो."

नोव्हेंबरच्या अखेरीस मुलाला ताप आला. दोन दिवस तापातच भांडी घासली, तिसऱ्या दिवशी उठवेना. पाच दिवसांनी तो कामावर गेला तेव्हा मालक म्हणाला, आता येऊ नकोस, दुसरा मुलगा ठेवला आहे.

येथे जरा थांबून त्या देशाचा कायदा सांगतो. नोकरीला चार आठवडे पूर्ण झालेला कोणताही कामगार, मग तो मिनी-जॉबवाला का असेना, आजारी पडला तर सहा आठवड्यांपर्यंत मालकाने त्याचा पगार चालू ठेवावा लागतो. हे कोणी दयेपोटी दिलेले नाही. 1956च्या ऑक्टोबरात जर्मनीच्या उत्तरेस श्लेस्विग-होल्स्टाइन भागातल्या धातुकामगारांनी संप पुकारला. त्यांच्या मागण्यांत आजारपणाचा पगार मुख्य होता, कारण तोवर कचेरीतल्या बाबूला आजारपणात पगार मिळे आणि यंत्रावरच्या कामगाराला नाही. संप 114 दिवस चालला, ऐन हिवाळ्यात. तो संपला तेव्हा सारे काही मिळाले नव्हते, परंतु त्याच वर्षी, 1957 साली, कायद्याने पहिले पाऊल टाकले आणि पुढे टप्प्याटप्प्याने कामगार व बाबू एका रेषेत आले. बाबू आणि कामगार ह्यांच्यातली ही भिंत आपल्या कारखान्यांत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ह्या 114 दिवसांचे मोल सांगावयास नको.

दुसरे, नोकरीवरून काढणे तेथे लेखी आणि सहीनिशी असावे लागते. तोंडी काढले तर ते काढणेच ठरत नाही. तिसरे, हॉटेलासारख्या धंद्यात मालकाने कामाची सुरुवात, शेवट आणि तास सात दिवसांच्या आत नोंदवून ती नोंद दोन वर्षे जपावी लागते.

राहिला व्हिसा. मी भाच्याला म्हटले, भीती बाजूला ठेव, आधी गणित कर. त्या वर्षी विद्यार्थ्याला वर्षाकाठी 120 पूर्ण किंवा 240 अर्धे दिवस काम करण्याची मुभा होती. 2024च्या मार्चपासून ती 140 आणि 280 झाली. चार तासांपर्यंतची पाळी म्हणजे अर्धा दिवस. ह्याची पाळी चार तासांची, महिन्याला वीस पाळ्या, सहा महिन्यांचे 120 अर्धे दिवस. मर्यादेच्या निम्म्यावर. मुलाने कोणताही नियम मोडलेला नव्हता. तासांची नोंद लपविणे आणि विम्याची वर्गणी न भरणे ह्याचा जाब मालकाला द्यावयाचा होता. मालकाने स्वतःची भीती पोराच्या खिशात घातली होती आणि पोरगा ती सहा महिने वागवीत होता.

पुरावा काय? वही ठेवलेली नव्हती. ह्याबद्दल मी त्याला बरेच बोललो, कारण ज्याचा मामा तीस वर्षे हजेरीच्या वह्यांवर भांडला त्याने वही ठेवू नये! पण दर रविवारी मालकाचा मॅनेजर आठवड्याच्या पाळ्या मोबाइलवर पाठवीत असे. ते सारे संदेश शाबूत होते. दोन रात्री बसून त्याने तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ अशी वही उतरवून काढली. युरोपियन संघाबाहेरून आलेल्या कामगारांसाठी जर्मनीच्या प्रत्येक राज्यात फुकट सल्ला देणाऱ्या कचेऱ्या आहेत, तेथे तो गेला. त्यांनी मागणीपत्र लिहून दिले. त्याचा मसुदा मला वाचून दाखविला तेव्हा बरे वाटले. आमच्याच मागणीपत्रांचा तो भाऊ होता, फक्त विशेषणे कमी होती.

उत्तर आले नाही, तेव्हा कामगार न्यायालय. माझी बहीण रडू लागली, परमुलखात कोर्टकचेरी नको रे बाबा. आपल्याकडचे न्यायालय डोळ्यांपुढे असल्यावर ती दुसरे काय म्हणणार? तेथे पहिल्या पायरीवर वकील असलाच पाहिजे असे नाही. न्यायालयाच्या कचेरीत जाऊन तोंडी तक्रार सांगितली तर कारकून ती लिहून घेतो. वकील केलाच तर ज्याचा त्याने, हरलेल्याच्या डोक्यावर दुसऱ्याच्या वकिलाचे बिल बसत नाही. आणि खटला उभा राहण्याआधी न्यायाधीश दोन्ही पक्षांना बोलावून समेट घडतो का ते पाहतो. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. भाच्याचे 2024च्या फेब्रुवारीत मिटले, 1,050 युरोंवर. मागितले होते त्याहून कमी. त्याला वाटले, हरलो. मी म्हटले, माझ्या आयुष्यातले एकही मागणीपत्र पुरे मान्य झालेले नाही.

पैशाखेरीजचा हिशेबही सांगितला पाहिजे, नाही तर गोष्ट अर्धवट राहील. त्या गावातल्या आपल्या मुलांपैकी दोघांनी त्याच्याशी बोलणे सोडले. आपल्या माणसाला परक्यांच्या कचेरीत उभे केले, असा त्यांचा आरोप. दिवाळीच्या फराळाला पुढच्या वर्षी त्याला बोलावणे आले नाही. परदेशात मराठी बोलणारे आठ-दहा लोक असतात आणि त्यातले दोन गेले तर घरातले गेल्यासारखे होते. त्याच भटारखान्यात त्याच्या जागी आलेल्या मुलाने मात्र एका रात्री हळूच सल्ला कचेरीचा पत्ता मागून घेतला.

"आपला माणूस" ह्या शब्दांविषयी मला मुलांना नेहमी सांगावे लागते. गावातून मुंबईत आलेला माणूस गाववाल्याच्या खोलीत उतरे, त्याच्याच वशिल्याने गिरणीत लागे आणि त्याच जॉबरला पगारातला वाटा देई. जॉबरही आपलाच असे. त्याने पोट भरले हे खरे, आणि कातडे सोलले हेही खरे. ही सवय विमानात बसून परदेशी गेली आहे, एवढेच.

मुले मला विचारतात, "काका, मग तेथे गेल्यावर सरळ संप करायचा का?" मी दोन वेळा घेरावात होतो, एकदा त्यापायी कोठडी पाहिली, तरी त्यांना सांगतो, नाही. जर्मनीत संप पुकारावयाचा तो संघटनेने, आणि तोही सामूहिक कराराच्या मागणीसाठी. चार पोरांनी चिडून काम बंद पाडले तर नोकरी जाऊ शकते. ह्यातही त्यांच्या इतिहासात परक्या कामगारांनी बरेच सोसले आहे. 1955 साली इटलीशी आणि 1961 साली तुर्कस्तानाशी करार करून जर्मनीने कामगार बोलाविले. कोलोनच्या फोर्ड कारखान्यातले तुर्की कामगार वर्षाच्या सुटीत मोटारीने हजारो किलोमीटर दूरच्या गावी जात. सुटीतले कितीतरी दिवस रस्त्यातच सरत. 1973च्या उन्हाळ्यात उशिरा परतले म्हणून त्यांच्यातल्या सुमारे तीनशेंना काढले. ऑगस्टमध्ये हजारो तुर्कांनी संघटनेला न विचारता काम थांबविले. बहुतेक जर्मन सोबती दूर राहिले आणि आठवडाभरात पोलिसांनी तो संप मोडला. त्याच महिन्यात नॉइस गावी पीयरबुर्गच्या कारखान्यात ग्रीक, तुर्की, स्पॅनिश, युगोस्लाव्ह बायका उभ्या राहिल्या. हलके काम म्हणून त्यांना पगाराच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवलेले होते. तेथे जर्मन कुशल कामगार त्यांच्या बाजूने बाहेर आले आणि ती खालची पायरीच काढून टाकावी लागली. दोन्ही कारखाने एकाच प्रदेशातले, महिना एकच. शेजारच्या यंत्रावरचा माणूस बरोबर आला की नाही, एवढ्यावर पुष्कळसे ठरले. आणि तो बरोबर येण्यासाठी त्याच्याशी रोजचे बोलणे असावे लागते, त्याची भाषा यावी लागते. म्हणून जर्मनचा वर्ग बुडवून जादा पाळी करणाऱ्या मुलावर मी रागावतो.

1973 साली नोव्हेंबरात जर्मनीने परदेशी कामगारांची भरती थांबविली. केरळातल्या मुली 1960च्या दशकापासून तेथील रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेल्या होत्या. 1970च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यातल्या कित्येकींना परवाना न वाढवता परत धाडण्यात आले. आज दारे उघडी आहेत म्हणून उद्याही राहतील असे कोणी समजू नये.

एक चांगली तरतूदही सांगतो. पाच कायम कामगार असलेल्या ठिकाणी कामगार आपली कारखाना-समिती निवडू शकतात. पाळ्यांच्या वेळा, जादा काम ह्यांत मालकाला तिची संमती लागते. 1972च्या कायद्याने ह्या समितीवर कोणत्याही देशाच्या कामगाराला निवडून येण्याची मुभा मिळाली. ज्या मुलाला त्या देशात नगरसेवकासाठीही मत देता येत नाही, तो आपल्या कामाच्या जागी उमेदवार म्हणून उभा राहू शकतो.

भाचा आता एका गोदामात काम करतो आणि शिक्षण पुरे करतो आहे. हॉटेल आणि खाद्यपदार्थांच्या धंद्यातली जी संघटना त्याने आधी पाहिली ती आपले मूळ 1865 सालच्या सिगार वळणाऱ्यांच्या संघटनेत सांगते. आमच्या विडी कामगार भगिनींचेच हे लांबचे नातलग. सिगार वळताना एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाची आणि बाकीचे त्याच्या वाट्याच्या सिगारी वळून देत. असली शाळा मला फार आवडली असती. गोदाम दुसऱ्या धंद्यात मोडते म्हणून तो दुसऱ्या संघटनेत गेला. कामगाराची वर्गणी पगाराच्या साधारण एक टक्का. विद्यार्थ्याला त्याहून कमी. पहिल्या सभेत साठीच्या एका बाईने त्याला कॉफी ओतून देऊन 'दू' म्हटले. हे त्याने मला फोनवर तीनदा सांगितले.

मी त्याच्याकडे होतो त्यातला एक रविवार आम्ही घरातच काढला. बाहेर चिटपाखरू नव्हते. आदल्या दिवशी आठवणीने कांदे-बटाटे आणून ठेवलेले होते. तेल तापत ठेवण्याआधी त्याने उठून खिडकी उघडली आणि मग मोहरी टाकली.

ज्यांच्या घरची मुले ह्या वर्षी जाणार आहेत आणि ज्यांना करारनामे वाचून घ्यावयाचे आहेत, त्यांनी शनिवारी सहानंतर कचेरीत यावे. सोबत इंग्रजी तर्जुमा आणावा, आणि सही करण्याआधी यावे.